मुकादमबाई कामं वाटतात

मुकादमबाईंनी कुणाला कधी ‘येणार का?’ असं विचारलं नाही. त्यांचा फोन यायचा आणि आपण ‘हॅलो’ म्हणेपर्यंत पलीकडून हुकूम सुटलेला असायचा. ‘रविवारी रक्तदान शिबिर. तुझ्याकडे केळी.’ फोन बंद. केळी किती, कुठून आणायची, रविवारी आपल्याला दुसरं काही आहे का, असल्या चौकशांना वावच नसे. आपण चरफडत पिशवी घेऊन बाहेर पडायचो आणि शिबिराच्या दारात केळ्यांसकट उभे राहायचो.

आमचं विद्यापीठ इथून लांब, एका जिल्ह्याच्या गावी. तिथून शिकून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पांगलेले आम्ही लोक, आमचं एक माजी विद्यार्थी मंडळ आहे. अशी मंडळं कशी चालतात ते वाचकांना सांगायला नको. व्हॉट्सॲपवर कार्यक्रम जाहीर झाला की अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि प्रत्यक्षात अध्यक्ष, अध्यक्षांची बायको आणि बॅनर एवढेच हजर असतात. आमच्याकडे तसं होत नसे. बाईंचं म्हणणं असं, की ‘माणूस कार्यक्रमाला येत नाही रे, कामाला येतो. त्याच्याकडे केळी असली की त्याला यावंच लागतं.’ मुकादम हे नाव त्यांना आमच्या पवारने ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बरं आहे. मग पवार, तू माझा मजूर. तुझ्याकडे माईक.’

बाईही आमच्याच विद्यापीठाच्या, घाटकोपरच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, कांजूरमार्गला एकट्या राहायच्या. आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठ्या, त्यामुळे बँकेचा मॅनेजर असो की मंत्रालयातला साहेब, सगळ्यांना सरसकट अरे-तुरे. महिन्याची सभा मुलुंडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरायची. बाई शेवटी उभ्या राहायच्या. हातात कागदाचा चिटोरा नाही. डोळे मिटायच्या आणि येणारे कार्यक्रम सांगायला लागायच्या: साकीनाक्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची नेत्रतपासणी, कोजागिरीचं संमेलन, आरेच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावर झाडं लावणं. प्रत्येक कार्यक्रमाबरोबर प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काम. ज्याला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, त्याला बसून चपला सांभाळायचं काम. कुणी सुटत नसे.

म्हणून साकीनाक्याच्या शिबिराच्या वेळी पवार सुटला, ते आम्हाला मजेशीर वाटलं. सगळ्यांची नावं झाली, बाईंनी डोळे उघडले, आणि पवार ओरडला, ‘ओ बाई, माझा माईक? का मला सुट्टी?’ बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, ‘तुला सांगते नंतर.’ पवार खुशीत हसला. शिबिराच्या आधीच्या गुरुवारी तो जेवून उठला, हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि तिथेच कोसळला. धडधाकट माणूस. आम्ही रडलो, शिबिरात त्याला श्रद्धांजली वाहिली आणि माईक दुसऱ्याच्या हातात गेला.

दुसऱ्या वेळी देशपांडेबाई सुटल्या. दर संमेलनाला दारातली रांगोळी त्यांची. कोजागिरीची कामं वाटताना बाई त्यांच्या नावापाशी आल्या, ओठ हलले, आणि त्या पुढच्या नावावर गेल्या. कोजागिरीला दारात रांगोळी नव्हती, आणि देशपांडेबाईही नव्हत्या. त्यांच्या शोकसभेत माझा मित्र शिंदे माझ्या कानाशी लागला. शिंदे म्हणजे माझा हॉस्टेलचा पार्टनर, मोठ्या आवाजाचा माणूस, पण तेव्हा पुटपुटला, ‘पुढच्या कार्यक्रमात तुला काम आहे ना रे?’

‘आहे. खुर्च्या.’

‘मला पाण्याचे कॅन,’ तो म्हणाला आणि त्याने सुस्कारा सोडला. बाई ज्याला काम देत नव्हत्या, तो कार्यक्रमापर्यंत उरत नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. त्यानंतर आमच्या मंडळात जे सुरू झालं, ते मुंबईतल्या कुठल्याही मंडळात झालं नसेल. लोक काम मागायला लागले! ज्यांनी जन्मात खुर्ची उचलली नव्हती ते साहेब लोक ‘बाई, मला झाडू तरी द्या’ म्हणून मागे लागले. एकाने बाईंचा फोन उचलायचंच सोडलं. मग त्याच्या ध्यानात आलं की फोन उचलला नाही तर काम मिळणार नाही, आणि मग तो फोन छातीशी धरून झोपायला लागला. अध्यक्ष कुलकर्णी आमच्यातले विज्ञाननिष्ठ. ते ठणकावून सांगायचे, ‘आपलं सगळ्यांचं वय झालंय. माणसं जाणारच. हा निव्वळ योगायोग आहे.’ स्वागताचं भाषण कायम त्यांच्याकडेच असे. तरी सभेच्या आदल्या दिवशी ते बाईंना फोन करून विचारायचे, ‘भाषण माझ्याकडेच ना?’

हॉल भरून वाहायला लागला, आणि बाई मात्र आक्रसत गेल्या. कामं वाटताना पूर्वी आवाज खणखणीत असायचा, तो बसला. नाव घेण्याआधी त्या थांबत, आणि त्या थांबण्यात पंख्याची घरघर ऐकू यायची. एकदा दुपारचा मी त्यांच्याकडे कांजूरमार्गला गेलो. कचऱ्याच्या डम्पिंगचा वास नको म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. चहा ठेवता ठेवता त्या आपणहून बोलल्या.

‘मला काही दिसत नाही रे. स्वप्न नाही, आवाज नाही, काही नाही. मी फक्त एकेकाला डोळ्यांपुढे आणते आणि त्याच्या हातात काहीतरी देते. शाळेत वर्गात हेच करायचे मी. याच्या हातात खडू, त्याच्या हातात नकाशा. पवारला माईक द्यायला गेले, तर तो समोर उभा, तोंडभर हसतोय, आणि हातच नाहीत.’

‘हात नाहीत म्हणजे?’

‘म्हणजे नाहीत. बाह्या आहेत, हात नाहीत. आता द्यायचं कुणाच्या हातात, सांग.’

मी विचारलं, देशपांडेबाईंना सावध करता आलं नसतं का. ‘केलं ना,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्या तपासण्या करून घ्यायला लावल्या. सगळं नॉर्मल.’ चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी उठून गॅस बंद केला. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली नाही, फार माया वाटली. मी म्हणालो, सोडून द्या हे काम. त्या म्हणाल्या, ‘मी सोडलं तर ही माणसं घरात बसतील. घरात बसून बसून मरतील, ते बरं का?’

आरेतल्या पाड्यावरचा कार्यक्रम जवळ आला. झाडं लावायची, मुलांना वह्या-दप्तरं द्यायची, पाड्यावरच्या बायकांनी केलेली भाकरी खायची, असा बेत. सभेत बाईंनी डोळे मिटले. फावडी शिंदेकडे. दप्तरं माझ्या बायकोकडे, शोभाकडे. शोभाही आमच्याच विद्यापीठातली, माझ्या मागच्या वर्षाची. भाषण कुलकर्णींकडे. नावं येत गेली, नाव आलेली माणसं खुर्चीत सैल होत गेली. मग बाईंनी डोळे उघडले आणि त्या खाली बसल्या.

माझं नाव आलं नव्हतं.

शोभाने माझा हात घट्ट धरला. मी हसून म्हणालो, ‘चला, मला सुट्टी!’ आणि उठून खुर्च्या आवरायला लागलो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल, आणि नॉर्मल म्हटल्यावर मी आणखी घाबरलो. शोभाने माझ्या स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. मी बेसिनपाशी गेलो की ती मागे येऊन उभी राहायची. शिंदे रोज संध्याकाळी यायचा आणि हॉस्टेलच्या जुन्या गोष्टी काढून हसवायचा, पण जाताना मिठी मारायचा, जी त्याने चाळीशीनंतर कधी मारली नव्हती. कुलकर्णींनी फोन करून मंडळासाठी मी केलेल्या कार्याची स्तुती केली. तेव्हा मात्र माझी खरी वाट लागली. एकदा स्वयंपाकघरातून शोभाचा आवाज आला. ती बाईंशी फोनवर बोलत होती. ‘बाई, याला काहीतरी द्या हो. काहीही द्या,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आरेला निघायच्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. बाई होत्या. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, वर येता येता त्यांना धाप लागली होती. पाणीसुद्धा न घेता त्या दारातच म्हणाल्या, ‘माझं काम तुझ्याकडे.’

‘म्हणजे?’

‘आज सगळ्यांच्या मागे तू चालायचं, कुणी राहत नाही ना ते बघायचं. आणि परत येताना बसमध्ये पुढच्या कार्यक्रमाची कामं तू वाटायचीस. काल सगळं करून पाहिलं रे. तुझ्या हातात फावडं देऊन पाहिलं, दप्तर देऊन पाहिलं. नाहीच. मग म्हटलं माझं देऊन बघू. दिलं, आणि तुझे हात दिसले. चक्क दिसले. हे असे.’ त्यांनी माझे दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले, बाजारात भेंडी पाहावी तसे. तोंडावर असा आनंद की मला रडू आलं.

‘आणि तुम्ही काय करणार?’ मी विचारलं.

‘मी आज पुढे चालते. कायम मागे राहून सगळ्यांच्या पाठीच बघितल्या.’

आरेत तबेले मागे पडले, रस्त्यावर दोन्हीकडची झाडं वाकून आली, आणि मी सगळ्यांच्या मागून चालत होतो. सगळ्यात पुढे बाईंची निळी साडी. वळणावर नाहीशी व्हायची, मग पुन्हा दिसायची. पाड्यावर कार्यक्रम झकास झाला. बाई मुलांबरोबर जमिनीवर बसून भाकरी जेवल्या. परतताना उन्हं कलली होती. मी सगळ्यांना पुढे घालून बसपर्यंत आणलं, एकेकाला चढताना पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणालो, सगळे आले.

बस निघाली. मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि बाईंसारखं एकेकाला डोळ्यांपुढे आणू लागलो. शिंदेच्या हातात पाण्याचे कॅन. शोभाच्या हातात केळी. कुलकर्णींच्या हातात त्यांचं भाषण. हे सोपं आहे असं वाटलं. मग मी बाईंना समोर आणलं. निळी साडी, चष्मा, हसू. आणि हात नाहीत.

मी डोळे उघडले. पुढची सीट रिकामी होती. ‘बाई कुठे?’ मी ओरडलो. सगळे गोंधळले, कारण बाईंना बसमध्ये चढताना सगळ्यांनी पाहिलं होतं. शिंदे म्हणाला, माझ्या अंगावरून गेल्या की आत्ता. बस वळवली. पाड्यापासून थोड्या अंतरावर, वाटेपासून जरा आत, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बाई झाडाला टेकून बसल्या होत्या. दमून डुलकी लागावी तशा. आमच्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, आपण बसपाशी पोहोचायच्या आधीच संपलंय सगळं.

स्मशानातून परतताना कुलकर्णी माझ्या शेजारी चालत होते. फाटकापाशी ते थांबले. मग म्हणाले, ‘बसमध्ये चढताना मी त्यांना हात दिला होता. त्यांनी वर येऊन ‘थँक्यू रे’ म्हटलं. पण माझ्या हातात काही आलं होतं का, ते मला आठवत नाहीये.’ त्यानंतर त्यांनी योगायोग हा शब्द उच्चारला नाही.

तेव्हापासून मंडळाची कामं मी वाटतो. मला ते नको होतं, पण बाईंनी दिलेलं काम टाकून देणार कसं? रक्तदान झालं, कोजागिरी झाली, सगळ्यांचे हात जागच्या जागी होते. हल्ली मला वाटायला लागलं होतं की ते बाईंबरोबरच गेलं.

परवा सकाळी मी कांजूरमार्गच्या आरोग्य शिबिराची कामं मनात लावत बसलो होतो. शिंदेच्या हातात खोकी द्यायला गेलो. खोकी नाही जमली म्हणून टेबलं दिली, टेबलं नाही म्हणून सतरंज्या, शेवटी नुसती केळी. शिंदे समोर उभा, हॉस्टेलमध्ये उभा राहायचा तसा, आणि शर्टाच्या बाह्या रिकाम्या. मग मी माझं काम देऊन पाहिलं.

मी चप्पल घालत होतो तेव्हा शोभा आली. माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं. तिने दारावर आडवा हात धरला. ‘त्याला दुसरं काहीतरी दे,’ ती म्हणाली. ‘तुझं नको देऊस. मी पाया पडते तुझ्या.’

माझ्या मनात एवढंच आलं, की त्या सकाळी कांजूरमार्गहून निघताना बाईंना असं दारात अडवणारं कुणी नव्हतं. असतं तर मी उरलो नसतो. शोभाचा हात मी दारावरून हळूच काढला, थोडा वेळ हातात धरला आणि शिंदेकडे गेलो. शिबिर रविवारी आहे.