माव्हिसची पावलं

सफोकच्या कड्यावरच्या त्या चर्चची किल्ली गॅरडांच्या घरात तीन पिढ्या होती. किल्लीबरोबर एक कामही आलं होतं. दर ईस्टरच्या सोमवारी दारापासून कड्याच्या टोकापर्यंत पावलं मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. गॅरडांचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, तीन फूट, हे गावात कुणी तपासलं नव्हतं. आता मोजणारी होती माव्हिस गॅरड; तिच्या बापाच्या तरुणपणी दोनशे बारा भरली होती. पुढे समुद्र दर हिवाळ्यात आपला घास घेत गेला.

आत, कमानीवर, जगाच्या अंती देव करील त्या शेवटच्या निवाड्याचं, पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र होतं. कुण्या राजाच्या माणसांनी त्यावर चुना फासला होता, तो तिच्या आजोबांच्या वेळी पोपडे धरून गळाला. शाळेची पोरं आली की माव्हिस त्यांना देवदूत दाखवी, तराजू दाखवी, आणि शेवटी कोपऱ्यातली दारूवाली. हातात बियरचा जग, आणि सैतान तिला पाठुंगळीला घेऊन नरकात नेतोय.

"कमी मापानं बियर विकायची," माव्हिस सांगे. "मापात पाप केलं की हे असं." पोरं हसत. तीही हसे.

पंचवीसच्या आत आकडा आला की चित्र काढून संग्रहालयात न्यायचं, असं ठरलं होतं. गेल्या तीन वर्षांचे आकडे छत्तीस, तेहेतीस, एकतीस. घट दोन-तीनांवर आली म्हणून चर्चचा कारभारी सिरिल पाइप खूश होता. समुद्राचे दात पडले, म्हणायचा. माव्हिसलाही हायसं वाटलेलं. या चित्राखाली तिचा बाप्तिस्मा झाला होता, आणि ते नेलं की चर्चला कुलूपच, हे तिला ठाऊक होतं.

नोव्हेंबरात संग्रहालयाची टॅमसिन भिंतीची ओल बघायला आली. बाहेर जाऊन तिनं दारापासून कड्यापर्यंत सहज मोजायची फीत लावली आणि पुन्हा लावली.

"माव्हिसबाई, एकोणीसच यार्ड भरतंय."

माव्हिसनं ऐकूनच घेतलं नाही. काठी टेकत दारापासून चालत गेली. एकतीस. टॅमसिन तिच्या बुटांकडे बघत होती. मग माव्हिसनंही खाली पाहिलं. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. एकेक पाऊल जेमतेम दोन फूट पुढे पडत होतं, नि तेच ती बापाच्या वहीत बापाच्या मापानं लिहीत आली होती.

संपूर्ण चित्र उतरवायला सहा आठवडे लागणार होते, आणि शनिवारी मोठं वादळ येणार होतं. रंगावर कागद चिकटवून गिलाव्याचा एखादा तुकडा तेवढ्यात निघाला असता.

"देवदूत घ्या," सिरिल म्हणाला. "तू कशाला स्वतःला खातेस, माव्हिस? कुणाच्या लक्षात आलं होतं?"

"मोजायचं काम माझं होतं, सिरिल."

"मग कोणता तुकडा, बाई?" टॅमसिननं विचारलं.

माव्हिसनं कमानीकडे पाहिलं. बाहेर कड्यावरून मातीचं ढेकूळ सुटल्याचा आवाज आला.

"दारूवाली," ती म्हणाली. "आणि खाली माझं नाव लिहा. मोजणारी म्हणून."

शुक्रवारी संध्याकाळी तुकडा गाडीत चढला. माव्हिसनं दाराला कुलूप घातलं आणि सवयीनं ते ओढून पाहिलं. मग टॅमसिनला म्हणाली, तू चाल, मी मोजते. टॅमसिन ढांगा टाकत निघाली, आणि चौदाव्या पावलाला कड्याच्या टोकाशी थांबली. पाच यार्ड त्या आठवड्यातच गेले होते.