कंदील जळत होता

२०२४ साली मी चौऱ्याहत्तरचा होतो. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात विहिरीचा गाळ काढायच्या आधी मी कंदील खाली सोडायचो. तो जळत राहिला की माणूस उतरायचा.

त्या दिवशीही कंदील जळत होता. तरी माझ्या पोरानं लेझरच्या उजेडानं हवा तपासणारं काडेपेटीएवढं यंत्र दोरीनं सोडलं, आन् ते किंचाळलं.

"आबा, खाली विषारी वायू हाय."

"मग कंदील आंधळा व्हय रे?"

"ह्या वायूत कंदील विझत नाय, आबा. माणूस मरतो."

मी कंदील वर ओढून घेतला. वीस वर्षांपूर्वी असाच जळता कंदील बघून माझ्याच शब्दावर उतरलेला धाकटा भाऊ विहिरीतच मेला होता. दारू पिऊन उतरला, असं मीच गावभर सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीच्या दारात जाऊन म्हणालो, "त्यो पिलेला नव्हता."