मदरबोर्डसाठी खरेदी समिती

आमच्या घरात दुधाची पिशवी सोडली तर कोटेशनशिवाय काही येत नाही. नवरा रेल्वेत अधिकारी. उभा जन्म टेंडरं काढण्यात गेला, त्यामुळे घरातला पंखा घ्यायचा तरी तीन दुकानांचे भाव, त्यांचा तक्ता आणि खाली शेरा. "उद्या कुणी विचारलं तर?" असं हा माणूस स्वतःच्या बेडरूममधल्या पंख्याबद्दल म्हणतो. कोण विचारणार आहे, देव जाणे.

मला फोटोंचं काम करायला कॉम्प्युटर हवा होता. हौस म्हणून नाही. इथे कोलकात्यात बागबाजारच्या एका क्लबने त्यांच्या प्रदर्शनासाठी माझे वीस फोटो मागितले होते. तिथल्या घाटावर चार वर्षं मी पहाटेची बस पकडून जात होते. मासळीवाल्या बायका, दाढी करणारे न्हावी, बोकडाला अंघोळ घालणारा एक म्हातारा, असं सगळं मी टिपलं होतं. माझ्याकडे लोक आजवर लाडू मागत आले, चकलीची भाजणी मागत आले. फोटो कुणी पहिल्यांदाच मागितले. ते शनिवारी पाचच्या आत पोचले नाहीत तर प्रदर्शनातली माझी भिंत दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि माझा लॅपटॉप असा, की फोटोवर क्लिक करून मी कुकर लावायचे आणि तिसऱ्या शिट्टीला फोटो उघडायचा.

"अहो, तीन आठवडे आहेत. एका दुकानात जाऊ, एका माणसाकडून सगळं जोडून घेऊ," मी म्हणाले.

"एकाच माणसाकडून? म्हणजे संगनमत," हे म्हणाले, आणि त्यांनी समिती नेमली.

अध्यक्ष हे. वित्त सदस्य शेजारचे भाऊजी, बँकेतले, आमच्यासारखेच कधीकाळी बदलीवर कोलकात्यात येऊन राहिलेले. तांत्रिक सदस्य म्हणून बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर आमची लेक. मी? मी 'वापरकर्ता विभाग'. पोहे करायचे आणि गरजेचं लेखी समर्थन द्यायचं.

पहिल्या बैठकीत मॉनिटरवर पाऊण तास गेला. मी म्हटलं, रंग खरे दिसायला हवेत, निळा निळाच दिसायला हवा. भाऊजींनी विचारलं, "निळा म्हणजे नेमका कुठला, वहिनी?" मी वैतागून म्हणाले, घाटावर मासळीच्या टोपल्यांवर ताडपत्री असते ना, तो. ह्यांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि तीन दुकानदारांना मेल केलं. एका बिचाऱ्याने फोन करून विचारलं, ताडपत्री जुनी की नवी?

मग रॅम, मी मागितलेली बत्तीस जीबी. "सध्या आठ आहे. दुप्पट म्हणजे सोळा. बत्तीसला पूर्वोदाहरण नाही," भाऊजी म्हणाले. मी समर्थनाचं दुसरं पान लिहिलं. अहो, माझ्या लग्नाला एवढा पत्रव्यवहार झाला नव्हता!

लेक कोलकात्यात वाढलेली, तिचं मराठी जरा अंदाजपंचे. ती ओरडून सांगत होती, "बाबा, प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकसाथ घ्या, ते एकमेकाला जमला पाहिजे!" ह्यांनी 'तांत्रिक सदस्याचं मत नोंदवलं' असं लिहिलं आणि प्रत्येक वस्तू जिथे सगळ्यात स्वस्त तिथून मागवली. नियम म्हणजे नियम.

खोकी आली गुरुवारी. शुक्रवारी सकाळी अकराला मी ती सगळी चांदणीच्या कॉम्प्युटर-बाजारात एका दुकानात जोडायला नेली. दुकानदाराने प्रोसेसर हातात घेतला, मदरबोर्ड पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. "बौदी," म्हणजे वहिनी, एवढं बंगालीत म्हणून तो पुढे हिंदीत म्हणाला, "हा एका कंपनीचा, आणि हा दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठीचा. जन्मात बसायचा नाही." बदलून मिळायला आठवडा.

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. लाज वाटली, पण रडले. दुकानदार घाबरला. त्याने आधी चहा मागवला आणि मग काउंटरवरचा आपला स्वतःचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "इथेच करा. मॉनिटर चांगला आहे."

मी डोळे पुसले, पिशवीतली फोटोंची हार्ड डिस्क जोडली आणि बसले. पहिले दोन फोटो शांततेत झाले. तिसऱ्याला, प्रिंटर दुरुस्तीला आलेले एक काका मागून म्हणाले, सावली थोडी उघडा, आतलं दिसेल इतकी उजळा. माऊस घ्यायला आलेल्या दुसऱ्याला ते मुळीच पटलं नाही. दुपारपर्यंत माझ्यामागे दहा-बारा माणसं आणि दोन तट. सावली उघडणारे आणि सावली राखणारे. एकमेकांना ओळखत नव्हते, पण भांडत होते सख्ख्या भावांसारखे. माऊसवाला जेवायला गेला आणि चक्क परत आला.

मी फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे चारच्या सुमाराला हे तक्रारीची फाइल घेऊन ऑफिसमधून थेट आले. गर्दी पाहून त्यांना वाटलं, मला काही झालं. पुढे घुसायला लागले तर काका म्हणाले, "दादा, मागे उभे राहा, सगळ्यांनाच बघायचंय."

आणि हे खरंच मागे उभे राहिले. मला समोरच्या कपाटाच्या काचेत दिसत होतं. पडद्यावर तो म्हातारा होता, साबणाचा फेस, आणि फेसातून बघणारा बोकड. चार वर्षं हे फोटो घरात होते. ह्यांनी एकही धड पाहिला नव्हता.

"बोकडाला कापा," माऊसवाला म्हणाला. "नुसता म्हातारा ठेवा."

"बोकड राहील!" हे कडाडले. सगळे वळले. "का ते विचारू नका. राहील."

ना तक्ता, ना बैठक. मला हसावं की रडावं कळेना.

साडेसहाला वीसही फोटो झाले. दुकानदाराने फोटोंबरोबर द्यायचा क्लबचा फॉर्म छापून दिला. हे भरायला बसले. माझे सगळे फॉर्म आजवर ह्यांनीच भरलेत, गॅसचा, पासपोर्टचा, बँकेचा. नाव, पत्ता, आणि व्यवसायाच्या रकान्यात हात सवयीने चालून गेला. 'गृहिणी.'

राग आला होता, खोटं कशाला सांगू. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग 'गृहिणी'वर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'छायाचित्रकार'.

"पुरावा जोडायला नको?" मी विचारलं.

"नको," हे म्हणाले. "पण खाडाखोडीशेजारी अर्जदाराची सही लागते." आणि पेन माझ्यापुढे धरलं.

सही इतकी वाकडी आली की ती कुठल्याही बँकेने परत पाठवली असती. ह्यांनी ती दोनदा पाहिली आणि मान्य केली.