जिनिंगमधला पंच

क्रिकेटपटूंचे भक्त गल्लोगल्ली सापडतील. पण पंचांचा भक्त अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझा मावसभाऊ निघाला. वडनेर भोलजीच्या त्याच्या घरी भिंतीवर एकाही फलंदाजाचा फोटो नव्हता. होते ते सगळे वर्तमानपत्रांतून कापलेले पंच, कुणाचे बोट वर, कुणाचे हात आडवे. सामना लागला की आम्ही चेंडूकडे बघायचो, हा पंचाच्या खांद्यांकडे. घरातही बोलणे बेताचेच. भाकरी नको असली की बोट वर. मावशीने भाजी ताटाबाहेर सांडली की हात पसरून वाइड. एका लग्नात नवरदेवाचा हार नवरीच्या खांद्यावरून घसरला, तर या गृहस्थाने भर मांडवात नो-बॉल दिला आणि हार पुन्हा गळ्यात पडेपर्यंत हात खाली घेतला नाही. "अरे, तोंडाने सांगत जा ना," मी एकदा वैतागून म्हटले. तर म्हणतो, "पंचानं बोलाचं नसते, दादा. बोललं का लोकं वाद घालतेत."

गावातल्या टेनिस-बॉल स्पर्धेत त्याच्याशिवाय पान हलत नसे, आणि तिथेच घात झाला. बी.ए. होऊन कितीतरी वर्षे तो घरी बसलेला. एका संस्थाचालकांनी शाळेत शिपायाची जागा देण्याचे कबूल केले होते. त्यांचाच मुलगा फलंदाजीला आला, आणि यष्टीमागे झेललेला चेंडू बॅटला निसटता लागल्याचे साऱ्या मैदानात या एकट्याला ऐकू आले. बोट वर गेले, जागाही गेली. "लोकायच्या पोरायचे बोटं फारम भरू भरू झिजतेत," मावशी मला म्हणाली, "अन याचं एकच बोट, तेही घरावर उठते." त्या दिवसापासून ती भिंतीवरचा रोज एक पंच काढून चुलीत घालू लागली.

सगळे पंच संपायच्या आत मी त्याला खामगावला ओळखीच्या जिनिंगमध्ये नेले. आत रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा असा गदारोळ, की शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. मॅनेजर त्याच्या कानाशी ओरडून शिक्षण विचारत होते, तेवढ्यात पलीकडे कापसाच्या ढिगातून धूर निघताना दिसला. मॅनेजर बोंबलले, कुणी मान वळवली नाही. हा मात्र रुईच्या गाठीवर चढला आणि कमरेखाली दोन्ही हात फुलीसारखे हलवू लागला. मेन स्विचपाशी उभा असलेला कामगार एकेकाळचा गोलंदाज. खेळ थांबवायची ती खूण दिसताच त्याने सवयीने खटका ओढला. यंत्रे थांबली, बादल्या धावल्या, ढीग वाचला.

"काय केलं बे तू हे?" मॅनेजरांनी विचारले.

"डेड बॉल देल्ला, साहेब."

दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझर म्हणून रुजू झाला. आता तिथे चौकाराची खूण झाली की कापसाची गाडी आत येते, वाइड दिला की ढीग पसरतात, आणि लेग-बाय म्हणजे चहा. मावशी भेटेल त्याला बोट वर करून दाखवते आणि म्हणते, "याच बोटानं घर चालते."

फक्त एक गोष्ट आम्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती. जिनिंग चालते दिवाळीपासून होळीपर्यंत, रविवारसुद्धा न सोडता, आणि आमच्याकडच्या स्पर्धाही नेमक्या तेव्हाच. नोकरी लागल्यापासून तो मैदानात उभा राहिलेला नाही. परवा वडनेरचा अंतिम सामना पाहून मी परस्पर खामगावला त्याच्याकडे गेलो. कोण जिंकले, हे त्याने विचारलेच नाही.

"पंच कोन होता, दादा?"

मी नाव सांगितले. तो म्हणाला, "चांगला आहे तो. जरा घाई करते."

ही नोकरी मी लावून दिली, असे मी चारचौघांत मोठ्याने सांगत असे. हल्ली जरा हळू सांगतो.