मावशी पहिल्याच दमात जिंकली

कुसगावच्या आमच्या मोफत संगणक वर्गाचं पत्रक मीच लिहिलं होतं. ‘संगणक ही इंग्रजी शाळेत शिकलेल्यांची जहागीर नाही!’ मत आजही तेच आहे. पण लोहगडवाडीत मला तोंडावर पाडलं ते मीच लिहिलेल्या चाळीस ओळींच्या प्रोग्रामनं.

तिथं गडाच्या वाटेवर एका मावशीचं पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. तिच्या सुनेला वर्गाला यायचं होतं. बारावी झालेली, हुशार. पण परवानगी सासूची. सासूची अट एकच : “काय शिकवता ते आदी मला दावा.”

मागणी रास्त होती. मी नुकताच जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत आकडा ओळखायचा खेळ केला होता, तो तिच्या फोनवर उघडला. फोन एक ते शंभरमधला आकडा धरतो, आपण अंदाज टाकायचा, तो ‘मोठा झाला’ किंवा ‘लहान झाला’ सांगतो.

मावशीनं तेवीस टाकला. ‘शाब्बास! बरोबर!’

परत खेळली. सत्तर. शाब्बास. मग नऊ. शाब्बास.

शेजारचे ताकवाले आबा ओरडले, “अगं, हितं काय बसलीयास? लॉटरीचं तिकीट काढ!”

मावशी हसली नाही. “पोरी, मला खुळी समजतीस व्हय? मला खूश करायचं आन् सून न्यायची? मतं मागायला येत्यात ते बी आसंच गोड बोलत्यात.”

मतं मागणाऱ्यांच्या रांगेत मी! अंगाचा तिळपापड झाला. सून मान खाली घालून पीठ मळत राहिली. आता उठून गेले असते तर तिचा वर्ग तिथंच संपला असता.

बाकावर लॅपटॉप उघडला. माझ्याकडे खेळ बिनचूक चालत होता. मग मावशीचा फोन नीट पाहिला. तिनं शेवटचा ९ टाकला होता, मराठी आकड्यात. मी कायम इंग्रजीत टाकून तपासत आले होते. जावास्क्रिप्टला ९ हा आकडाच वाटत नव्हता. मोठा आहे का? नाही. लहान आहे का? नाही. आणि दोन्ही नाही म्हटलं की उरलं ते ‘बरोबर’, असं मीच लिहून ठेवलेलं.

मराठी आकडे न ओळखणाऱ्या भाषेचा राग आला, तो मी सोडणार नाही. पण शाब्बासकीची ओळ माझी होती.

आधी मराठी आकडे इंग्रजीत बदलून घेतले. मग ‘बरोबर’ला अट घातली : दोन्ही आकडे खरोखर सारखे असतील तरच. खेळ परत नेटवर चढवला.

“मावशी, चूक माझी. त्याला तुमचा आकडा वाचता येत नव्हता, आणि मी त्याला शाब्बास म्हणायला लावलं होतं. आता एका दमात जिंकून दाखवा.”

तिनं २३ टाकला. ‘लहान झाला.’ ७०. ‘मोठा झाला.’ मावशी स्टूल ओढून बसली. आबा आकडा सुचवायला लागले तशी म्हणाली, “तुमी गप ऱ्हावा, ताक घुसळा.” सातव्या खेपेला जिंकली.

“आता खरं बोलतंय,” ती म्हणाली. “शनवार-रविवार धाडायची न्हाई, गिऱ्हाईक आसतंय. बाकी कवाबी.”

सुनेनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली.

“ताई, ती शाब्बासची ओळ कुठली? दाखवा.”