वाळलेले हात

विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये दोन मुली ताटं रिकामी करून, उष्ट्या हातांनी गप्पा मारत बसल्या होत्या. ते पाहून मी, पन्नाशीची स्पॅनिशची विद्यार्थिनी, आनंदाने जवळजवळ किंचाळलेच! अनुवादात मी दोनदा आपटले होते. ही शेवटची संधी, उतारा संध्याकाळी द्यायचा, आणि त्यातलं एक वाक्य काही केल्या मराठीत येईना. उताऱ्यातली मुलगी कायमची परदेशी निघाली आहे, जेवणं झाली आहेत, तरी टेबलावरून कोणी हलत नाही. उठलं की जेवण संपतं, आणि जेवण संपलं की जाणाऱ्याला जावंच लागतं. हे कुठल्या देशात कळत नाही?

मी लिहिलं, ‘हात वाळले, तरी कोणी उठेना.’

शेजारी जेवत असलेल्या आमच्या तरुण मॅडमनी कागद ओढला. “अहो काकू, स्पेनमध्ये काट्याने जेवतात! हात वाळतील कसे?”

“मॅडम, हे खोडलं तर माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो.”

मॅडमनी ते वाक्य पुन्हा वाचलं. तासाची वेळ टळली, त्यांच्या बोटांवरची आमटी वाळली, आणि डाव्या हातात कागद धरून त्या तशाच बसून राहिल्या.