पोलिसांच्या जीपमधून आलेला गणपती

त्या वर्षी आम्ही बालीगंज सोडून सॉल्ट लेकला राहायला आलो होतो. गणपती आणायला मी चालत गेलो, कारण दुकान जवळ होतं. येताना मात्र घर लांब गेलं. इथे प्रत्येक ब्लॉकमध्ये तोच गोल चौक आणि तीच पाण्याची टाकी. दोन्ही हातांत मूर्ती, तिच्या तोंडावर रुमाल, माझ्या डोक्यावर टोपी आणि खिशात मोबाइल कोकलतोय. घरी गुरुजी खोळंबले होते. त्यांना पुढे फोर्ट विल्यमला एका फौजी अधिकाऱ्याकडे जायचं होतं. ते निघाले की आमची पूजा बुडाली.

शेवटी पोलीस चौकी दिसली.

"दादा, देवाला टेबलावर ठेवा," हवालदार हिंदीत म्हणाले.

"घरी पोचेपर्यंत खाली ठेवत नाहीत."

"मग चहा घ्या."

"कुठल्या हाताने?"

हे त्यांना पटलं. त्यांनी माझ्या खिशातून मोबाइल काढला आणि स्वतःच उचलला. "पोलीस चौकी. तुमचे मिस्टर आमच्याकडे आहेत."

"केलं काय त्यांनी?" बायकोचा आवाज मलाही ऐकू आला.

"अजून तरी काही नाही. पत्ता सांगा. हे नुसतं 'हिरवं गेट' म्हणतायत."

पत्ता मिळाला, गुरुजी नुकतेच जिना उतरल्याचंही कळलं. हवालदारांना एकदम स्फुरण चढलं. जीप आली, वरचा दिवा लागला. सरकारी दिव्याखाली बसायची माझी ती पहिलीच वेळ. तोही मान देवाचा होता.

गुरुजी बसस्टॉपकडे निघालेले दिसले. मागे पोलिसांची जीप पाहून त्यांनी धोतर सावरलं आणि वेग वाढवला.

"ठाकुरमोशाय, थांबा!" हवालदार लाउडस्पीकरवरून गुरुजींना बंगालीत ओरडले.

गुरुजी निमूट आत येऊन बसले. मला पाहून हळूच म्हणाले, "तुम्हालाही धरलं?"

दारात बायकोने माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. हवालदारांनीही बूट काढून पाय पुढे केले, तेव्हा त्यांचेही धुतले. मग ते चौरंगासमोर मांडी घालून बसले.

गुरुजींची पूजा एरवी संक्षिप्त आवृत्ती असते. त्या दिवशी समोर खाकी वर्दी पाहून त्यांनी एकही मंत्र गाळला नाही. फोर्ट विल्यमहून फोनवर फोन येत होते, पण हवालदार हलेनात आणि गुरुजींची उठायची छाती होईना.

सैन्याला थांबावं लागलं.